आधी नाव लावा, मग सोडायचं की नाही ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं लग्न 1991 मध्ये झालं. वडील 2019 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन भाऊ आणि या. गावाकडे आठ एकर जमीन आणि एक घर. भावांनी हक्कसोडपत्र टाइप करून ठेवलंय. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ, असा निरोप आहे. आई म्हणते, "करून टाक सही, माहेरी यायला तोंड राहू दे." घरच्या गुरुजींचं म्हणणं की कन्यादान झालं, गोत्र बदललं, आता या कुळाच्या जमिनीत वाटा मागणं शास्त्राला धरून नाही. चुलते सांगतात, 94 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना कायद्यानेच काही मिळत नाही, आणि तसंही वाटणी 2002 मध्येच झाली आहे. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: मला हक्क आहे का, तो मागणं अधर्म आहे का, आणि माहेर तुटेल का.

ताई, मी तालुक्याच्या कोर्टात सत्तावीस वर्षं दिवाणी कामं करते. दरवर्षी दिवाळी आणि राखीच्या आगेमागे हाच प्रश्न माझ्याकडे येतो. मात्र तो बहुतेक वेळा सही करून झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत, हे बरं झालं.

चुलत्यांपासून सुरू करू, कारण त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त फसवतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्माने सहहिस्सेदार मानलं नाही. ती जागा मुलांचीच राहिली. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तो दरवाजा उघडला. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरणही आलं. पण त्या दुरुस्तीत एक ओळ होती: या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हे लागू नाही. तुमच्या चुलत्यांनी हीच ओळ कुणाच्या तरी तोंडून ऐकली आणि ते तिथेच थांबले. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. मुलीचं लग्न 1991 मध्ये झालेलं असो की 1971 मध्ये, ती मुलासारखीच जन्माने सहहिस्सेदार. मग बरीच वर्षं वाद चालला की 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत का. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की ती अट नाही. हक्क जन्माने आहे. तुमचे वडील तर 2019 पर्यंत होते, म्हणजे तुमच्या बाबतीत हा वादही नव्हता.

आता 2002 ची वाटणी. इथे जरा सांभाळून बोलते. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल, तर ती आता उकरता येत नाही. तोंडी वाटणी, किंवा पाच माणसांच्या सह्यांचा घरातल्या कपाटातला कागद, हे कोर्ट सहसा धरत नाही. विनीता शर्मा निकालाने अगदी चिंचोळा अपवाद ठेवलाय: तोंडी वाटणी त्या काळापासूनच्या सरकारी कागदांतून निर्विवाद दिसत असेल तर. म्हणून चुलत्यांशी हुज्जत घालू नका. "दस्ताचा नंबर द्या" एवढंच म्हणा. दस्त असेल तर नंबर असतोच.

मग तुमचा हिस्सा किती? आठ एकर म्हणजे 320 गुंठे. जमीन वडिलोपार्जित धरली, तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणाआधी कागदावर वाटणी झाली असं कायदा मानतो. वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे पाच हिस्से, प्रत्येकी 64 गुंठे. मग वडिलांचे 64 गुंठे मागे राहिलेल्या चौघांत, प्रत्येकी 16. एकूण 80 गुंठे, म्हणजे दोन एकर. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित धरली, तर थेट चार वारस, प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे पुन्हा दोन एकरच. दोन्ही वाटा तुमच्या घरी एकाच बांधावर येऊन मिळतात. फरक पडला असता तो मृत्युपत्र असतं तर. स्वकष्टार्जित सगळी जमीन वडील मुलांच्या नावे लिहून जाऊ शकले असते. वडिलोपार्जित असती तर फक्त आपले 64 गुंठे. म्हणून मृत्युपत्र खरंच नाही ना, याची खात्री करा. ते काही वर्षांनी अचानक "सापडतं" असा माझा अनुभव आहे.

आता गुरुजी. मी शास्त्री नाही, पण 1956 च्या आधीचा जुना हिंदू वारसा कायदा ज्या ग्रंथांवरून इंग्रजांच्या कोर्टात घडला ते आम्हाला शिकवले गेले आहेत. आपल्याकडे दोन ग्रंथ चालायचे: विज्ञानेश्वरांची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख. नीलकंठ सतराव्या शतकातले, काशीचे, पण घराणं मूळचं आपल्या पैठणचं. भाऊ मागे जवळचं कुणी न ठेवता मेला तर बहिणीला वारसा मिळावा का, या प्रश्नावर त्यांनी जे लिहिलंय ते गुरुजींना जरूर वाचून दाखवा. ते म्हणतात की बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून ती गोत्रज आहे. लग्नाने ती सगोत्र राहिली नसेल, पण धन मिळण्यासाठी सगोत्र असण्याची अट कुठे सांगितलेली नाही. म्हणजे तुमच्या गुरुजींचा मुद्दा साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका पैठणच्या भट्टाने खोडून ठेवलाय. भारतरत्न पां. वा. काणे यांनी हा ग्रंथ संपादित केला आहे, शोधल्यास मिळेल. जुन्या मुंबई इलाख्यात तर वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मुलगी पूर्ण मालकीने घ्यायची. इतर प्रांतांत तिला फक्त हयातीपुरता उपभोग होता. यावरून शास्त्र मुलीच्या बाजूचं होतं असं म्हणू नका, नव्हतं. मुलगा असताना मुलीला बरोबरीचा वाटा मनू-याज्ञवल्क्यांच्या स्मृतींनी दिला नाही. अविवाहित बहिणीला भावाच्या हिश्शाचा चौथा भाग द्यावा, इतपतच मजल. पण "शास्त्रात नाही" असं जे ठासून सांगितलं जातं, ते शास्त्र सांगणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नसतं.

मला धर्मापेक्षा रिवाज जास्त बलवान वाटतो, आणि त्याचं कारण सांगते. माझ्याकडे मुस्लिम कुटुंबंही येतात. त्यांच्या धर्मग्रंथानेच मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा. तो नाकारणं म्हणजे धर्म मोडणं. तरीही त्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायला येतात. ख्रिस्ती कुटुंबांत 1925 च्या कायद्याने मुलगा-मुलगी सारखे. तिथेही तेच. गोव्यात तर आई-बाप अर्ध्या मालमत्तेपलीकडे मृत्युपत्रच करू शकत नाहीत, उरलेली अर्धी मुलांसाठी राखीव, मुलगी धरून. आदिवासींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बाईला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झाल्याशिवाय धरून चालता येत नाही. धर्म चार, ग्रंथ वेगवेगळे, आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर येणारा कागद एकच. धर्मामुळे बहिणी हिस्सा सोडत असत्या, तर निदान एखाद्या धर्मात तरी वेगळं चित्र दिसलं असतं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीखालच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावरची होती सुमारे 14 टक्के. शेतात वाकलेल्या पाठी मोजल्या तर आकडा काय निघेल ते तुम्हीच सांगा.

एक प्रसंग सांगते. भाऊबीजेचा दुसरा दिवस, मी दुसऱ्याच कामासाठी नोंदणी कार्यालयात बसले होते. साठी ओलांडलेली एक बाई, अंगावर घडी मोडलेली कोरी साडी, कालच भावाने दिलेली. फोटो झाला. अंगठा यंत्रावर ठेवला, उमटेना. डाटा एंट्रीवाला म्हणाला, "मावशी, बोट पुसा." भावजयीने पदराने पुसलं. पुन्हा उमटेना. मग ओलं फडकं आणलं, मग दुसरं बोट. खुरपून खुरपून रेषाच गेल्या होत्या. चौथ्या-पाचव्या खेपेला यंत्राने घेतलं एकदाचं. "कबूल आहे ना?" असं विचारलं, तिने भावाकडे बघून मान हलवली. नंतर बाहेर चहाच्या टपरीवर काळा कोट बघून ती माझ्याशी बोलायला आली. "बाई, विहिरीच्या कर्जाला किती दिवस लागतात हो?" तिला वाटत होतं, विहिरीच्या कर्जासाठी अंगठा दिलाय. भाऊ वाईट नव्हता. तिला एसटीने परत पाठवायला स्वतः आला होता, पिशवीत फराळ होता.

हे सांगितलं ते तुम्हाला भावांविरुद्ध भरवण्यासाठी नाही. भाऊ-बहिणीचं प्रेम खरं असतं आणि तरीही कागद फसवा असू शकतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पिशवीतून येतात.

माझा सल्ला एका वाक्याचा आहे: आधी सातबाऱ्यावर नाव लावा, मग सोडायचं की नाही ते ठरवा. वडील जाऊन इतकी वर्षं झाली, तर वारस नोंद झाली आहे का ते पाहा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा, मिळेल, पण जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, मागवा. वडिलांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." दिसतंय का बघा. ते एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन एकट्याची नव्हती याची सरकारी दप्तरातली खूण. वारस नोंद राहिली असेल तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करा. आता ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही होतो. तलाठी नोटीस काढतात, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. भावांनी तुमचं नाव गाळून नोंद करून घेतली असेल तर घाबरू नका. प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही तशी जातही नाही, ती नोंद महसुलाच्या सोयीची असते. पण गावात आणि बँकेत ज्याचं नाव त्याची जमीन, म्हणून ती लागते.

एकदा नाव लागलं की बोलणीच बदलतात. तोवर तुम्ही "मागणारी" असता. नाव लागल्यावर भावांनाच काही हवं असेल तर ते मागतात. सोडणं तेव्हाच सोडणं ठरतं. जे हातात आलंच नाही ते सोडलं असं कसं म्हणायचं?

मग हवं तर खुशाल सोडा. मी हे मनापासून म्हणते. माझ्याच एका अशिलाने भावाला सगळं दिलं, कारण भावाचा मुलगा अंथरुणाला खिळलेला आणि हिची दोन्ही मुलं नोकरीत. तिने सातबाऱ्यावर नाव लावलं, वर्षभर राहू दिलं, मग स्वतःच्या वकिलाकडून कागद करून दिला. काहीजणी दहा गुंठे ठेवतात आणि बाकी देतात. काहीजणी घरातली एक खोली ठेवतात, म्हातारपणी यायला जागा म्हणून. मोबदला घ्यायचा ठरला तर तो चेकने घ्या आणि दस्तात लिहा. मात्र मग मुद्रांक शुल्काचा हिशोब बदलतो. बिनमोबदला, नात्यातल्या हक्कसोडीला शुल्क नाममात्र असतं, आणि म्हणूनच हा कागद इतक्या सहज होतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. साध्या स्टॅम्पवर लिहून घेतलेलं "मी हक्क सोडला आहे" हे चालत नाही, पण तेही लिहून देऊ नका, कारण ते पुढे दुसऱ्याच कामाला वापरतात. तीच गोष्ट कोऱ्या स्टॅम्पची, कर्जासाठीच्या सहीची आणि कुलमुखत्यारपत्राची. एकदा नोंदणी झाली की फसवणूक सिद्ध करत बसावं लागतं, आणि दस्त रद्द करायला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत.

"तुझ्या लग्नात दोन एकर विकली" हे तुम्हाला ऐकावं लागणारच. कायद्यात लग्नाचा खर्च हिश्शातून वजा होत नाही. भावांच्या लग्नात मांडव काय फुकट घातला होता का? हुंडा दिला असेल तर तो देणंघेणंच 1961 पासून गुन्हा आहे, ते हिश्शाचं आगाऊ वाटप नव्हे. हां, जमिनीवर वडिलांचं सोसायटीचं कर्ज असेल तर हिश्शाबरोबर तेही येतं. फक्त जमीन माझी आणि कर्ज भावांचं असं चालायचं नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की भाऊच सगळे लबाड. पाचातली एक तरी बहीण माझ्याकडे येते तेव्हा मागे नवरा उभा असतो आणि बोलतो तोच. हिश्शाची जमीन मिळाली की ती विकून पैसा त्याच्या नावावर. माहेर गेलं आणि जमीनही गेली. म्हणून मी अशा वेळी जावईबापूंना बाहेरच्या बाकावर बसवते. मिळालेली जमीन तुमच्या एकटीच्या नावावर, तुमच्या पूर्ण मालकीची राहू द्या. आणि मृत्युपत्र करा, बायका ते करतच नाहीत. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मागे मूल नसेल तर, माहेरच्या वारसांकडे परत जाते. तुमच्या कमाईचं घर मात्र, नवरा आणि मूल दोन्ही नसतील तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तुमच्या आई-वडिलांकडे नव्हे. आजही.

भाऊ ऐकेनात, तर शेवटी वाटपाचा दावा. तो लांबतो, खोटं कशाला सांगू. हुकूमनामा झाल्यावरही प्रत्यक्ष जमीन मोजून हिस्सा ताब्यात द्यायचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं आणि तिथे आणखी वेळ जातो. एक गोष्ट तुमच्या वकिलाला आठवण करून द्या: दावा दाखल केल्यावर त्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची नोटीस, रजिस्टर करून घ्या. आपल्याकडे ती नोंदवावी लागते, नाहीतर भावाने मधल्या काळात जमीन विकली तर खरेदीदार "मला माहीतच नव्हतं" म्हणून मोकळा. पण दाव्याआधी साधी नोटीस, आणि नोटिशीआधी एखाद्या मामाला किंवा आत्याला मध्ये घालून बैठक. माझ्याकडची निम्म्याहून जास्त प्रकरणं बैठकीतच मिटतात, विशेषतः नाव लागलेलं असेल तर.

माहेर तुटेल का? काही काळ तुटेल, बहुधा. दोन-तीन दिवाळ्या फोन यायचा नाही, भाचीच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने येईल. नंतर बऱ्याच घरांत येणंजाणं सुरू होतं, सगळ्याच नाही. आमच्या भागात जुन्या बायका म्हणायच्या, बहिणीचं खाल्लेलं अंगी लागत नाही. तुमच्या आईनेही हे ऐकलं असेल. एकदा विचारून बघा.

आईचं नाव निघालंच आहे तर सांगते, या सगळ्यात मला तुमच्यापेक्षा तिची काळजी जास्त आहे. ते टाइप केलेलं हक्कसोडपत्र नीट वाचा. "लिहून देणार" या सदरात तुमच्या नावाबरोबर आईचंही नाव असेल, जवळजवळ नेहमी असतं. तिचाही पाव हिस्सा आहे, दोन एकर, आणि ती तो सहज देऊन टाकेल. नवरा गेला की बाईचा घरातला शब्द कमी होतो, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण बांगड्या फोडल्या त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारने तो राज्याला कळवला. असा ठराव करावा लागतो, यातच काय ते आलं. तुम्ही सही केली नाहीत तरी तुमचं घर चालेल. आईने केली तर उद्या औषधाच्या चिठ्ठीसाठी तिला सुनेकडे हात पसरावा लागेल.

तेव्हा दिवाळीला जा, ओवाळा, साडी घ्या. कागद निघाला तर म्हणा, "याची कॉपी माझ्या व्हॉट्सअॅपवर टाक, मी वाचते." त्यापुढे एक अक्षर बोलू नका. आणि जायच्या आधी आठ-अ काढून पर्समध्ये ठेवा. रात्री आई एकटी असेल तेव्हा तिला तो दाखवा, आणि नदीकडचं शेत कुठलं, विहीर कुठल्या गटात ते तिच्याकडून लिहून घ्या. गट नंबर तिला पाठ नसतील, पण कुठल्या बांधाला कुठलं झाड आहे ते ती अंधारातही सांगेल.